तारेवरील स्वरांची वाट

गिटार प्रथमच हातीं घेतलेल्या विद्यार्थ्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं या लांब मानेवर ‘सा’ आहे तरी कोठें? पेटीवर स्वर एका ओळींत मांडलेले असतात. जो दाबावा तो एकाच जागीं सांपडतो. गिटारीवर तसें नाहीं. तिच्या सर्वांत बारीक तारेचा मोकळा स्वर शेजारच्या तारेच्या पांचव्या पडद्यावर आहे, तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावर आहे आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही आहे. एका स्वराचीं अनेक घरें! म्हणूनच नवशिका बोटांच्या ठराविक आकृत्या पाठ करतो आणि स्वतःच्या मनानें चार स्वर वाजविण्याची वेळ आली, कीं अडून बसतो.

मराठवाड्याच्या भूमीस हा प्रश्न अनोळखी नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास शार्ङ्गदेव होता. त्याचें घराणें मूळचें काश्मीरचें. त्यानें रचिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या सात अध्यायांच्या ग्रंथांत श्रुतींचा भेद कानास पटवून देण्यासाठीं बावीस तारांच्या वीणा सांगितल्या आहेत. पुढें सतराव्या शतकांत अहोबल पंडितानें ‘संगीतपारिजात’ ग्रंथांत तारेच्या लांबीवरून स्वरांचीं स्थानें निश्चित केलीं. तार निम्मी केली कीं तार षड्ज मिळतो. दोनतृतीयांश ठेविली कीं पंचम, आणि तीनचतुर्थांश ठेविली कीं मध्यम.

आतां हेंच माप गिटारीस लावून पहावें. तिची मोकळी तार ६५० मिलिमीटर लांब धरली, तर बारावा पडदा बरोबर ३२५ वर येतो. सातवा पडदा पंचमाचा आणि पांचवा मध्यमाचा. गणितानें येणाऱ्या जागेपासून या दोहोंचें अंतर अवघें अर्धा मिलिमीटर आहे. शुद्ध गंधाराची गोष्ट मात्र निराळी. त्याचा चौथा पडदा तारेच्या चारपंचमांश लांबीच्या जागेपासून सुमारें चार मिलिमीटर घोडीकडे सरकलेला असतो, म्हणून तो गंधार किंचित् चढा वाजतो. गिटारीचे बारा स्वर एकमेकांपासून सारख्या अंतरावर बसविलेले असतात. त्या सोयीची ही किंमत आहे. सतारीचे आणि दिलरुब्याचे पडदे दोरीनें बांधलेले असल्यामुळें ते सरकवितां येतात. गिटारीचे पडदे कायमचे ठोकलेले असतात. तार बाजूस ओढून स्वर चढवितां येतो, उतरवितां येत नाहीं. ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी फिरविली आणि मींड साधली, ती या पडद्यांचें बंधन टाळूनच.

तथापि आरंभ पडद्यांपासूनच करावा. एकच तार घ्यावी आणि तिचा मोकळा स्वर ‘सा’ मानावा. मग २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ या पडद्यांवर बिलावल थाटाचें सप्तक मिळतें. तिसरा, पांचवा, सातवा, दहावा आणि बारावा पडदा घेतला, तर धानी रागाचे स्वर मिळतात. पाश्चात्य गिटारवादक जिला ‘मायनर पेंटॅटॉनिक’ म्हणतात, ती पंक्ति हीच. एका तारेवर ही वाट कानांत बसली, कीं शेजारच्या तारेवर जावें. मोकळ्या तारांपैकीं लगतच्या कोणत्याही दोन तारांमध्यें पांच पडद्यांचें अंतर असतें. केवळ तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेंत तें चारच पडद्यांचें असतें. हा एक अपवाद ध्यानांत ठेविला, कीं मानेचा सारा नकाशा उलगडतो.

यापुढें शार्ङ्गदेवाचा दुसरा उपदेश कामीं येतो. तीन स्वर सहा प्रकारें, चार स्वर चोवीस प्रकारें, पांच स्वर एकशें वीस प्रकारें आणि सात स्वर ५०४० प्रकारें मांडतां येतात. हा प्रस्तार शोधण्याची खंडमेरूची रीत त्यानें दिली आहे. धानीच्या पांच स्वरांचे एकशें वीस क्रम विद्यार्थ्यानें रोज थोडे थोडे, प्रत्येक स्वराचें नांव तोंडानें घेत आणि तो स्वर गळ्यानें लावीत वाजवावे. गळा पुढें आणि बोट मागें, हा क्रम सोडूं नये. बोट पुढें धांवलें, तर हाती कवायत येते, गाणें येत नाहीं.

नांदेडास याची साक्ष आहे. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनीं तेथें ग्रंथसाहेबास गुरुपद दिलें. त्या ग्रंथांतील पदें एकतीस मुख्य रागांखालीं लाविलेलीं आहेत. अक्षरांच्या जोडीला राग सांगणें म्हणजे अर्थ कोणत्या स्वरवाटेनें पोंचावा हें सांगणें होय. दिलरुबा आणि ताऊस यांच्या साथीनें चालणाऱ्या कीर्तनांत पुढें पेटीचा वावर वाढला. सोय झाली, परंतु दोन स्वरांमधली वाट थोडी बुजली. ऑल इंडिया रेडिओनें १९४० साली पेटीवर बंदी घातली होती व ती १९७१ साली शिथिल केली, त्या वादाचें मूळही याच जागीं होतें.

लातूरचें नांव आज परीक्षेच्या ‘पॅटर्न’मुळें सर्वत्र ठाऊक आहे. प्रश्न पुन्हां पुन्हां सोडवून हात बसविण्याची ती रीत आहे. पडद्यांवरील स्वर ओळखण्यापुरती ती रीत उत्तम. नित्य आवृत्तीवांचून मानेचा नकाशा पाठ होत नाहीं. परंतु एकल वादनांत प्रश्नपत्रिका आधीं छापलेली नसते. प्रश्न आणि उत्तर दोन्ही वादकानेंच त्या क्षणीं काढावयाचीं असतात. म्हणून ज्या घरांत मूल गिटार शिकत असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं ‘किती गाणीं बसलीं?’ एवढेंच विचारूं नये. एखादी ओवी किंवा आरती गुणगुणावी आणि तिचे स्वर मानेवर शोधावयास सांगावें. पहिल्या दिवशीं मूल चुकेल, दुसऱ्या दिवशीं थांबेल, आणि केव्हांतरी बोट न अडखळतां योग्य पडद्यावर पडेल. त्या दिवसापासून गिटार त्याची झाली असें समजावें.