अठराव्या वर्षी बंद होणारे दार



मुलांच्या शिक्षणाविषयी आपल्या सभांतून पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या मुलांस आईबाप नाहीत, किंवा असूनही जी बालगृहात, नातेवाइकांकडे अथवा परक्या कुटुंबात वाढली, त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा प्रश्न आपल्यापुढे क्वचितच येतो. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालक म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. अठरावे वर्ष पुरे झाले की बालगृहातील वास्तव्य संपते. आता हे वर्ष कोणते असते, याचा आपण विचार करा. बारावीच्या परीक्षेचे आणि महाविद्यालयातील प्रवेशाचे तेच हे वर्ष! ज्या वर्षी घरातील मुलाच्या पाठीशी आई, बाप, काका, मामा सारे उभे राहतात, नेमक्या त्याच वर्षी या मुलाचे अंथरूण, जेवण आणि त्याच्या कागदावर सही करणारा माणूस, ही तिन्ही एकदम जातात.

पैसा दिला की प्रश्न सुटला, असे कोणास वाटत असेल तर तो समज चुकीचा आहे. महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज एकदा नीट वाचून पाहा. वडिलांचे नाव, आईचे नाव, पालकांच्या उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासाचा दाखला, वसतिगृहासाठी पालकाची सही आणि स्थानिक पालकाचा पत्ता! प्रत्येक मुलामागे एक घर आहे, असे गृहीत धरूनच तो अर्ज तयार झालेला असतो. ज्याच्यामागे घर नाही त्याला प्रत्येक खिडकीपाशी आपली कर्मकथा नव्याने सांगावी लागते. मुलगी कशीबशी वसतिगृहात शिरली तरी दिवाळीची सुट्टी लागते, खानावळ बंद होते, मैत्रिणी गावी जातात. त्या पंधरा दिवसांत तिने जावे कोठे? कोणत्याही शिष्यवृत्तीच्या नियमात या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. अशा मुलांचे शिक्षण फीच्या रकमेपेक्षा अशा लहान गोष्टींपायीच अधिक सुटत असावे, असे माझे मत आहे.

आईबापांवाचून वाढलेले मूल उच्च शिक्षण घेऊ शकत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आपला म्हणून घेतला. तोच यशवंत. त्याला त्यांनी नुसते जगविले नाही, डॉक्टर केले. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये याच डॉक्टर यशवंताने रोग्यांची शुश्रूषा केली. दुसऱ्याच्या मुलास पदवीपर्यंत नेण्याचा याहून मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रात शोधावा लागणार नाही.

बाबासाहेबांची आई ते लहान असतानाच गेली आणि आत्याने त्यांचा सांभाळ केला, हे आपणांस ठाऊक आहे. वडिलांची छाया होती, तरी महाविद्यालयाचा खर्च झेपेना. त्या वेळी केळुसकर गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पंचवीस रुपयांचा उल्लेख सर्वजण करतात. मी आज केळुसकर गुरुजींकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. हात धरून दारापर्यंत नेणारा माणूस नसता, तर शिष्यवृत्ती देणारा दाता असूनही काय उपयोग होता?

आता कायदा काय देतो ते पाहू. याच बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये, अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य देता येईल, असे म्हटले आहे. यास अनुरक्षण म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे ते एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४००० रुपये ठरविले आहेत.

‘देता येईल’ या शब्दांकडे लक्ष द्या. ‘दिलेच पाहिजे’ असे कायदा म्हणत नाही. मूल अल्पवयीन असताना राज्य त्याचे पालक होते, आणि अठराव्या वाढदिवसानंतर तेच राज्य आपल्या मर्जीचे दाते होते! कोणता बाप आपल्या मुलास असे म्हणेल? शिवाय वयाचा हिशेबही करून पाहा. अठराव्या वर्षी प्रवेश घेतला तर तीन वर्षांची पदवी एकविसाव्या वर्षी हाती येते, अभियांत्रिकीची बाविसाव्या वर्षी. परंतु वैद्यकीय पदवीस आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात, म्हणजे तेविसावे वर्षही पुरत नाही. आजच्या नियमांत यशवंताची पदवी बसली नसती. माझ्या मते ही मर्यादा वयाला न बांधता शिक्षण पूर्ण होण्याला बांधली पाहिजे, आणि साहाय्य हा हक्क मानला पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. जात ठाऊक नसल्यामुळे ज्यांना कोणत्याच सवलतीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी हे मोठेच पाऊल होते. या निर्णयाच्या अटी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बदलल्या आहेत. म्हणून जुन्या कागदावर विसंबू नका. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अनाथ मुलामुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. पण या साऱ्याची किल्ली एकच, अनाथ प्रमाणपत्र. ते महिला व बाल विकास विभागाकडून मिळते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावा लागतो. संस्थेत असतानाच हे प्रमाणपत्र हाती पडले पाहिजे. बाहेर पडल्यावर परक्या शहरात राहून जुन्या नोंदी गोळा करणे किती कठीण, हे मी सांगावयास नको.

येथवर मी संस्थेतील मुलांविषयी बोललो. पण आपल्या वस्तीत अशी मुले बहुधा संस्थेत नसतात. ती आजीकडे, मामाकडे, आत्याकडे असतात. त्यांच्यासाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. तीत २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळू लागले. तेही अठरा वर्षांपर्यंतच. आणि कलम ४६ चे अनुरक्षण तर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे ज्या मामाने भाच्यास संस्थेत न धाडता आपल्या ताटातली भाकरी दिली, त्याच्या भाच्याला महाविद्यालयात जाताना हे साहाय्य नाही. सांभाळणाऱ्या नातेवाइकाला ही शिक्षाच नव्हे काय?

अशा घरांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. भावाचा वा बहिणीचा मृत्यू झाला की दुःखात कागद हरवतात. १९५६ नंतर आपल्या सवलती कागदावरील एका शब्दापायी गेल्या होत्या. राज्याने त्या १९६० साली दिल्या, केंद्राने १९९० साली. आपल्याइतके कागदाचे महत्त्व दुसऱ्या कोणास कळावे? मुलाच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या १९५० पूर्वीच्या नोंदी, चुलत्याचे जात वैधता प्रमाणपत्र, दोघांचे मृत्यूचे दाखले, हे सारे एका पिशवीत घालून ठेवा आणि मुलाचे जातीचे प्रमाणपत्र दहावीच्या आधीच काढा. ते असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मागता येते, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्याजेवण्याचा खर्च मागता येतो. वडिलांकडील नातेवाइकांशी मामाचे पटत नसेल, तरी या कामापुरते त्यांच्या दाराशी जावे. मुलाचा जात पडताळणीचा पुरावा त्यांच्याच घरात असतो.

राहिले आपले काम. आपल्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त झालेले अनुभवी लोक आहेत. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारावे, यंदा सतरा वर्षे पूर्ण केलेली मुले किती आहेत, त्यांतील किती शिकू इच्छितात आणि त्यांचे अनुरक्षणाचे अर्ज गेले आहेत की नाहीत. मुलांची नावे गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने आहे, ते पाळावे. समितीच्या परवानगीनेच पुढे जावे. स्थानिक पालक म्हणून सही करण्यास तयार असलेल्या कुटुंबांची, आणि सुट्टीत एका मुलीला घरी ठेवून घेऊ शकणाऱ्या कुटुंबांची एक वही करावी. ही वही बारावीच्या निकालाआधी तयार असली पाहिजे. निकालानंतर अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. आज येथे आलेल्यांपैकी ज्यांना आपले नाव द्यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावे.