पाण्यात गेलेल्या वह्या



घर, संसार आणि मैत्री यांभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्यांना ‘हलके वाचन’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा जुनी आहे. एलेना फेरान्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या इटालियन लेखिकेच्या, २०११ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्या वाचणाऱ्याचा हा समज टिकत नाही.

कथा १९५० च्या दशकात नेपल्स शहरातील एका दरिद्री वस्तीत सुरू होते. लीला ही जोडे शिवणाऱ्या कारागिराची मुलगी, तर एलेना नगरपालिकेतील शिपायाची. दोघींत लीला अधिक तल्लख; कोणी न शिकविता वाचू लागलेली. परंतु प्राथमिक शाळेनंतर तिचे शिक्षण थांबते, एलेनाचे चालू राहते. एकीच्या वाट्याला सोळाव्या वर्षी लग्न, नवऱ्याची मारहाण आणि पुढे कारखान्यातील मजुरी येते. दुसरी पिसा येथे उच्च शिक्षण घेऊन लेखिका होते.

वाचक प्रारंभी एलेनाच्या बाजूने असतो, कारण कथा तीच सांगते. मैत्रिणीविषयीचा मत्सरही ती लपवीत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. दुसऱ्या खंडाच्या आरंभी मात्र एक प्रसंग येतो. नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून लीला आपल्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत घालून एलेनाच्या स्वाधीन करते. उघडू नकोस, असे बजावते. एलेना त्या आगगाडीतच उघडते, वाचते, भारावून जाते आणि एके संध्याकाळी पिसातील पुलावरून ती पेटी आर्नो नदीत ढकलून देते.

येथे वाचक थबकतो. लीलाने स्वतः लिहिलेली हकीकत नदीत गेली. आता जे वाचावयाचे ते शिकून पुढे गेलेल्या मैत्रिणीने सांगितलेले. पुढे एलेनाला उमगते की, आपल्या पहिल्या कादंबरीचे बीज लीलाने बालपणी लिहिलेल्या ‘नीलपरी’ या गोष्टीत आहे. ती गोष्ट घेऊन ती लीलाच्या कारखान्यात धावते, आणि लीला ती पाने आगीत टाकते.

या मैत्रीत प्रेम खोटे नाही आणि मत्सरही खोटा नाही. गुंतागुंत आहे ती ऋणाची. जिला संधी मिळाली, तिच्या यशात संधी न मिळालेल्या सखीचा वाटा असतो. आणि तो मान्य करणे क्षमा मागण्याहून अवघड असते.

मराठी वाचक भगिनीला हे पुस्तक मिटताना नेपल्स आठवत नाही. आठवते ती बाकावरची सोबतीण, गणितात नेहमी पुढे असणारी आणि सातवीनंतर शाळेत न दिसलेली. ती आज कोठे आहे, याची चौकशी एखाद्या वाचक भगिनीने जरी केली, तरी या कादंबऱ्या वाचल्याचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.