मैफलींचा जमाखर्च

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या संगीतप्रेमी कुटुंबाचे गाण्याचे वर्ष गुढीपाडव्यास सुरू होत नाही, आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेसही होत नाही. ते संक्रांतीस सुरू होते. श्रीसिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज शहरातून निघतात. पांढऱ्या बाराबंदीतील मानकरी त्या उंच काठ्यांचा भार कमरेवर तोलीत चालतात. आणि हलगीचा ठेका घरात बसलेल्या माणसाच्याही छातीत उमटतो. या संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत जे जे ऐकले, त्याचा जमाखर्च अशा एखाद्या कुटुंबाने मांडून पाहिला, तर वहीत काय निघेल?

मैफली किती झाल्या, हा पहिला प्रश्न मनात येतो. तो सर्वांत कमी महत्त्वाचा. जो माणूस वर्षात चाळीस मैफलींची तिकिटे जपून ठेवतो त्याला चारच मैफली आठवत असतील, तर उरलेल्या छत्तीस कोठे गेल्या, हे त्याने स्वतःलाच विचारावे. कोणते गवई ऐकले, हा दुसरा प्रश्न. तो अधिक चविष्ट खरा. पण त्याचे उत्तर वर्तमानपत्रातही मिळते. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो असा, की जे ऐकले ते दिवसाच्या अथवा रात्रीच्या कोणत्या वेळी ऐकले? वहीत आठ प्रहरांचे आठ रकाने पाडावे आणि प्रत्येक राग त्याच्या रकान्यात लिहीत जावे. वर्षअखेरीस जे चित्र समोर येते ते कोणत्याही रसिकास अस्वस्थ करील असेच आहे.

प्रथम जमेच्या बाजूकडे पाहावे. सोलापूरचा कान तिकिटावर वाढलेला नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामांची वचने कन्नडात आहेत. शहराचा व्यवहार मराठीत चालतो. विणकरांच्या वस्तीत तेलुगू बोलली जाते. नारळी पौर्णिमेस मार्कंडेयाचा रथ निघतो, आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरीच्या वाटेवर या शहरात उतरते, भाद्रपदात लेझमीचे डाव रस्त्यावर रंगतात. याला मैफल म्हणू नये, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! ज्या मुलाने पालखीच्या टाळांत आपला टाळ मिसळून पाहिला आहे, त्याला सम कोठे येते हे शिकवावे लागत नाही.

यानंतर तिकिटाच्या मैफली. सोलापुरात त्या बहुशः बंद सभागृहात होतात. त्यांतले हुतात्मा स्मृतिमंदिर सर्वांच्या परिचयाचे आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना 1930 सालच्या मार्शल लॉच्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी झाली. त्यांच्या स्मरणाच्या वास्तूत संध्याकाळी तंबोरे जुळू लागतात, ही गोष्ट सवयीमुळे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कार्यक्रमाची वेळ सहा अथवा साडेसहा. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार व चार भाषणे यांत एक घटका निघून जाते, आणि दहाच्या सुमारास भैरवी होऊन मंडळी घरी परततात.

या वेळापत्रकाचा परिणाम वहीत स्पष्ट दिसतो. सायंकाळचे व रात्रीच्या पहिल्या प्रहराचे रकाने भरून वाहतात. पूरिया, मारवा, यमन, आणि पुन्हा यमन! त्याखालोखाल बिहाग व बागेश्री. पुण्यातील मोठ्या महोत्सवांची सत्रे दुपारी सुरू होतात. तेथे जाऊन आलेल्यांच्या वहीत भीमपलास, मुलतानी व पटदीप यांची भर पडते. सकाळच्या रकान्यात तुरळक नोंदी. आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचे दोन रकाने जवळजवळ कोरे. मालकंस आहे, पण तो नऊ वाजता गायिलेला. दरबारी आहे, पण तो मध्यरात्रीची वाट न पाहता उरकलेला. सोहनी एखादीच. ललत नाही.

रागांना वेळ असावी की नसावी, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पंडित भातखंडे यांनी 1910 सालापासून मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त या समयविचाराची स्वरांच्या आधारे व्यवस्था लावून दाखविली, उलट कर्नाटक पद्धतीचे गवई आज हा नियम फारसा पाळीत नाहीत, आणि त्यांचे गाणे त्यामुळे उणे ठरत नाही. दरबारीतला गांधार रात्री बारा वाजता अधिक कोमल होतो, असे कोणीही यंत्राने सिद्ध करून दाखविलेले नाही. परंतु हा वाद स्वरांपेक्षा श्रोत्याविषयी अधिक आहे. रात्री नऊ वाजता श्रोत्याच्या मनात दिवसभराची कचेरी असते, घरचे कुलूप असते, शेवटची रिक्षा असते. दोन प्रहर गाणे ऐकून झाल्यावर हे सारे एकेक करून गळून पडते. अंग थकते, पण कान विलक्षण जागा होतो. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारा गांधार, जो तारेवर कोणी वाजवीत नाही, तो त्या वेळी खरोखर ऐकू येऊ लागतो. अशा कानांवर मंद्रातला दरबारी पडणे निराळे आणि जेवणाच्या घाईत असलेल्या कानांवर पडणे निराळे. गवयालाही हे कळते. समोरचे लोक घड्याळाकडे पाहत असता मंद्र सप्तकात अर्धा तास रेंगाळण्याचे धैर्य कोण करील?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. संगीत नाटके रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होत आणि ‘वन्समोअर’ घेत घेत पहाटेस संपत. गिरण्या जोरात चालू होत्या त्या काळात सोलापूर पाळ्यांनी जागणारे शहर होते. येथे रात्र ही केवळ झोपेची मालमत्ता नव्हती. 1952 साली सवाई गंधर्व निवर्तले व पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू केला, तो रात्रभर चालत असे. घोंगडी, शाल व चहाची बाटली घेऊन लोक जात आणि उजाडल्यावर परतत. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला. राज्य सरकारला सवलत देता येते, पण ती वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवसांची आणि तीही मध्यरात्रीपर्यंतचीच. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली या निर्बंधांवर शिक्कामोर्तब केले. मैदानावरील रात्र तेव्हापासून संपली.

या नियमाला नावे ठेवणे सोपे आहे व बरेच रसिक ठेवतात. ते न्याय्य नव्हे. आजाऱ्याला झोप हवी असते, परीक्षेच्या विद्यार्थ्याला शांतता हवी असते, आणि रात्रभर भोंगे लावणाऱ्यांमध्ये दरबारी गाणारे किती होते, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय त्या जुन्या रात्रींवर आज जो सोनेरी मुलामा चढला आहे तो थोडा खरवडून पाहावा. त्या रात्रींत निम्मे लोक घोरत असत. घरच्या स्त्रियांना पहाटेपर्यंत बसण्याची मोकळीक क्वचितच मिळे. आणि मुख्य गवयाला तिसऱ्या प्रहरी बसवायचे म्हणून त्याच्या आधी तीन तीन सामान्य गाणी सहन करावी लागत.

तथापि या नियमात एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दहा वाजल्यानंतरची बंदी उघड्या जागेपुरती आहे. बंद सभागृहात, आतल्या आत, कार्यक्रम चालू ठेवण्यास नियमाची आडकाठी नाही. म्हणजे सोलापूरच्या सभागृहांतील मैफल दहाला संपते ती कायद्यामुळे नव्हे. ती संपते श्रोत्यांमुळे. दोष सरकारवर ढकलून मोकळे होण्याची सोय येथे उरत नाही.

याचे प्रत्यंतर हवे असेल तर सोलापूरकराने दोन प्रवास करावे. एक कुर्डुवाडी व पंढरपूर मार्गे मिरजेचा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तेथे स्थायिक झाले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला, आणि त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती देण्यात आली. तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. उरुसाची तिथी हिजरी पंचांगाची, म्हणून ती दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि सोलापूरकराच्या वहीत कधी उन्हाळ्यात येते, कधी थंडीत. तिकीट नाही, आसनांचे क्रमांक नाहीत. गवई तेथे सेवा म्हणून गातात आणि श्रोता पाहुणा म्हणून ऐकतो. पैसे देऊन बसलेला माणूस गाण्याकडे जसा हिशेबाने पाहतो तसे तेथे पाहता येत नाही, हे त्या जागेचे मोठे देणे होय.

त्याच मिरजेत तंबोरे होतात, आणि या बाबतीत सोलापूर जिल्ह्याला थोडा अभिमान बाळगता येईल. शिकलगार घराण्यांतील कारागिरांनी ही विद्या शंभराहून अधिक वर्षे सांभाळली आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो तो पंढरपूरच्या बाजूने, भीमाकाठच्या मळ्यांतून. देशभरच्या मैफलींत जो षड्ज घुमतो त्याचे पोट या मातीत वाढलेले असते. सोलापूरच्या श्रोत्याला तो ऐकायला मात्र पुण्याची गाडी धरावी लागते!

दुसरा प्रवास होटगी, विजयपूर, गदग करीत हुबळीपलीकडच्या कुंदगोळचा. सवाई गंधर्वांचे हे गाव. त्यांच्या स्मरणाचा उत्सव तेथील नाडगीर वाड्यात होतो आणि तो अहोरात्र चालतो. याच गावी भीमसेन गुरूच्या घरी राहून शिकले. अब्दुल करीम खाँच्या झिंझोटीची ध्वनिमुद्रिका ऐकून ते लहानपणी घर सोडून निघाले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तीन मिनिटांच्या त्या तबकडीने त्यांना घराबाहेर काढले खरे, पण गाणे आले ते गुरूसमोर बसल्यावर. ध्वनिमुद्रण तहान लावते, भागवीत नाही.

रेडिओवर हे बोलणे काहीसे धारिष्ट्याचे वाटेल. वस्तुतः समयाच्या बाबतीत आकाशवाणी सभागृहापेक्षा अधिक काटेकोर राहिली आहे. सकाळच्या सभेत तोडी, दुपारी सारंग, हा क्रम तिने मोडला नाही. 1952 साली सुरू झालेल्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाने शनिवारची रात्र कित्येक घरांत जागविली. ज्यांच्या वहीत दुपारचा रकाना कोरा राहिला, त्यांनी तो रेडिओने भरावा. परंतु रेडिओ ऐकणारा एकटा असतो. त्याने दिलेली दाद गवयापर्यंत पोहोचत नाही, आणि दाद न पोहोचल्याने गवई जे गात नाही ते त्याला कधीच कळत नाही.

दिवाळी पहाटेच्या मैफलींनी अलीकडे सकाळ थोडी परत आणली. अभ्यंगस्नान करून, नव्या कपड्यांत, फराळाच्या आधी मंडळी जमतात. पण उघड्यावर ध्वनिवर्धक लागतो सहानंतर. सतारी, पेट्या जुळेपर्यंत फटफटते. भैरव मिळतो, भटियार मिळतो. ललताची वेळ तोवर सरत आलेली असते. शिवाय त्या मंचावर श्रोत्यांस नाट्यपदे व भक्तिगीते लवकर हवी असतात. सणाचा दिवस आहे, त्यात वावगे काही नाही. रकाना मात्र कोरा राहतो.

मग हे दोन रकाने भरावयाचे कसे? उपाय जुनाच आहे: घरगुती बैठक. शुक्रवार पेठेत एखाद्या घरी तीस माणसे मावतील एवढी खोली निघतेच. ध्वनिवर्धक नको. त्याच्यावाचून गळा कसा लागतो, हे आजच्या कित्येक श्रोत्यांनी आयुष्यात ऐकलेले नाही; दोन तंबोऱ्यांमध्ये बसलेल्या गायकाचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर एकदा तरी बसावे. बिदागी वर्गणीने जमवावी आणि ती सन्मानाची असावी. घरगुती बैठक म्हणजे फुकटचे गाणे, हा समज गवयांनी पुष्कळ सोसला आहे. शेजाऱ्यांना आठ दिवस आधी सांगावे, किंबहुना बोलवावेच. रात्र निवडताना चैत्र-वैशाख टाळावा. सोलापूरच्या त्या उकाड्यात तारा उतरतात, माणसेही उतरतात, आणि खिडक्या उघडल्या की बैठक रस्त्यावर जाते. माघातली शनिवारची रात्र धरावी. थंडी असते, दारे आपोआपच लावली जातात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी नसते. भाषणे नकोत, सत्कार नको. जेवणे आटोपून दहाला बसावे. प्रारंभीचा तास नव्या मुलामुलींना द्यावा. चहा दोन वाजता, तोही गाणाऱ्याच्या सोयीने. लहान मुले तोपर्यंत जाजमावर झोपी जातील. त्यांना तेथेच झोपू द्यावे, कारण ललत सुरू झाल्यावर त्यांतले एखादे डोळे न उघडताच जागे होते.