दूरचे कपाट, आपलीच किल्ली
(दादर येथे झालेल्या तिमाही कार्यकर्ता बैठकीतील भाषण)

 पहाटेची एसटी पकडून कसारा, तिथून लोकलने दादर असा प्रवास करून आलेल्या मोखाडा-खोडाळ्याच्या मंडळींना जोहार.

आज मला संगणकाविषयी बोलायला सांगितले आहे. माझी पदविका ईश्वरविज्ञानाची, संगणकाची नव्हे. म्हणून मी सुरुवात कपाटापासून करते.

२६ जुलै २००५ रोजी मी कामाला नवीन होते. आपले कार्यालय तेव्हा परळला तळमजल्यावर होते. हिंदमाताला पाणी भरते हे मुंबईकराला सांगायला नको. पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आमच्या लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन खणांत पाणी शिरले. तिथे वसतिगृहातल्या मुलांच्या फायली होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही दोऱ्या बांधून कागद वाळत घातले. एका मुलाच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची शाई पार पसरली होती. जमातीचा दाखला काढताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद किती मोलाची असते, हे तुम्ही रोज पाहता. त्या घरात तशी नोंद असलेला तो एकच कागद होता, आणि तो त्यांनी आमच्या हाती ठेव म्हणून दिला होता.

दुसरी आठवण फेब्रुवारी २०१९ ची. ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झाले त्यांना वनजमिनीवरून काढावे, असा आदेश १३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिला. २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस आपण काय करत होतो? १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे शोधत होतो. ग्रामसभेचा ठराव कोणाच्या पेन ड्राइव्हमध्ये, पंचनाम्याचा फोटो कोणाच्या व्हॉट्सॲपमध्ये, तर काही फायली काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या खासगी खात्यात. कागद होते, पण हाताशी नव्हते.

त्यानंतर आपण लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा संगणक आणि दोन हार्ड डिस्क आणल्या आणि दादरच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, यूपीएसला जोडून ठेवल्या. त्यावर नेक्स्टक्लाउड ही मुक्त प्रणाली बसवली. २०१० साली ओनक्लाउड सुरू झाले, त्यातूनच २०१६ मध्ये हे वेगळे निघाले. त्यासाठी परवान्याचे पैसे पडत नाहीत. क्लाउड म्हटले की कुठल्या तरी कंपनीचे परदेशातले गोदाम डोळ्यांसमोर येते. आपले तसे नाही. कपाट आपले आणि किल्लीही आपली. आपल्याकडे लोकांचे आधार, बँक पासबुक, आजारपणाचे कागद असतात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला नसता, तरी ते सांभाळणे आपल्यावर होतेच.

पण कपाट आले तरी कोणी वापरेना. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, एकेक फाइल चढवा, पुन्हा उतरवून घ्या, याला माणसे कंटाळली. वसतिगृहाच्या आपल्या मावशी मला म्हणाल्या, “ताई, मला पिवळं फोल्डर कळतं. तेवढंच दाखवा.” त्यांचे बरोबर होते.

पिवळे फोल्डर दाखवणारी सोय म्हणजे वेबडॅव्ह. वेबसाइट ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत फाइल ठेवणे, हलवणे, नाव बदलणे यांचे शब्द घालून हा नियमसंच १९९९ मध्ये ठरला आणि २००७ मध्ये सुधारला. म्हणून दूरचे कपाट तुमच्या संगणकात साध्या ड्राइव्हसारखे दिसू शकते.

कृती सोपी आहे. नेक्स्टक्लाउडमध्ये फाइल्स उघडा. खाली डाव्या कोपऱ्यातल्या सेटिंग्जमध्ये वेबडॅव्हचा पत्ता असतो, तो कॉपी करा. मग विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडा, वरच्या तीन टिंबांतून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा, झेड अक्षर घ्या, पत्ता पेस्ट करा. पत्ता एचटीटीपीएसनेच सुरू झाला पाहिजे. पासवर्ड रोजचा देऊ नका. सेटिंग्जच्या सुरक्षा विभागात त्या लॅपटॉपसाठी वेगळा ॲप पासवर्ड तयार करा. उद्या लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, तर तेवढा एकच पासवर्ड रद्द करता येतो. ड्राइव्ह जोडला जात नसेल, तर विंडोजची ‘वेबक्लायंट’ ही सेवा चालू आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ही सेवा पुढे काढून टाकण्याच्या यादीत घातली आहे, म्हणून तिच्यावर कायमची भिस्त ठेवू नका.

आता माझी चूक सांगते. झेड ड्राइव्ह दिसू लागला आणि मला वाटले, ही माझ्या लॅपटॉपमधली प्रत आहे. लॅपटॉप भरला होता. जागा करायला मी मोखाड्याच्या दाव्यांचे अख्खे फोल्डर पुसले. तासाभरात खोडाळ्याहून फोन आला, “ताई, फायली कुठे गेल्या?” विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये काही नव्हते. नेटवर्क ड्राइव्हवरचे पुसलेले तिथे जातच नाही. माझे हातपाय गार पडले. नेक्स्टक्लाउडच्या स्वतःच्या कचरापेटीत ते फोल्डर सापडले. ही पेटी पुसलेली फाइल साधारण तीस दिवस ठेवते, जागा कमी पडली तर त्याआधीही रिकामी करते. त्या दिवशी आपण वाचलो, पण माझ्या शहाणपणाने नव्हे.

म्हणून हे मनात पक्के करा: नेटवर्क फोल्डर ही प्रत नसते, ती खिडकी असते. खिडकीतून हात घालून कागद फाडला तर कपाटातलाच कागद फाटतो, सगळ्यांसाठी.

त्यातूनच बाकीचे नियम निघतात. नेट गेले की खिडकी बंद. जव्हार-मोखाड्यात नेट केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून तिथल्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउडचा सिंक प्रोग्राम ठेवा. तो खरी प्रत उतरवून घेतो आणि नेट आले की बदल जुळवतो. मात्र त्यातही एकीकडे पुसले की दुसरीकडे पुसले जाते, हे विसरू नका. दादर आणि गिरगावच्या कार्यालयांत झेड ड्राइव्ह पुरेल. विंडोज अशा ड्राइव्हवरून ५ कोटी बाइट, म्हणजे सुमारे ४७ एमबी, यांपेक्षा मोठी फाइल सहसा घेत नाही. गावनकाशांचे मोठे स्कॅन ब्राउझरमधूनच चढवा. आणि पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे दोन जागा नव्हेत. आग लागली तर दोन्ही जातील. म्हणून दर महिन्याला तिसऱ्या डिस्कवर प्रत काढून ती गिरगावला ठेवायची, आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यातली एक फाइल खरोखर उघडून पाहायची. न उघडलेल्या प्रतीवर विसंबू नका.

प्रभू येशूने कारभाऱ्यांचे दाखले सांगितले, ते तुम्हाला पाठ आहेत. धनी परत येतो तेव्हा कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. आपला धनी पाड्यावरची ती बाईही आहे, जी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आपल्या हातात देते आणि पावती मागत नाही. ती कधीतरी येईल आणि म्हणेल, “माझा कागद द्या.” त्या वेळी मला पुन्हा दोरीवरचा ओला कागद दाखवायचा नाही.

चहानंतर लॅपटॉप घेऊन बसा. एकेकाचा झेड ड्राइव्ह जोडूनच आज घरी जाऊ. सलाम.