जुनी यंत्रनौका पारखतांना



जालन्यासारख्या कोरडवाहू मुलखांत ज्याचें सारें आयुष्य खडूफळ्याच्या सहवासांत गेलें, अशा माणसानें नौकेविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. आमच्या जिल्ह्यास समुद्र नाहीं. उन्हाळा लागला कीं घाणेवाडीच्या तलावांत पाणी किती उरलें, हीच चर्चा जो तो करीत असतो. तथापि अंबड व घनसावंगी या तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून गोदामाई वाहते. पैठणचा नाथसागर आमच्यापासून फार दूर नाहीं. आणि याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही, कीं आमचीं मुलें आतां पोटापाण्यासाठीं कोंकणांत, सातारच्या डोंगरांत, किंबहुना परदेशींहि जातात व पाण्यावरचे धंदे करूं लागलीं आहेत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन मित्रांसह एक वापरलेली यंत्रनौका विकत घेण्याचें मनांत आणिलें व तो मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बैल पारखतां, तशी ही नौका पारखावयास चला." त्या निमित्तानें जें वाचलें, जाणत्या कारागिरांस जें विचारलें आणि डोळ्यांनीं जें पाहिलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

ज्या खेळासाठीं ही नौका हवी होती, तो खेळ कोणता तें प्रथम सांगितलें पाहिजे. धांवत्या नौकेस दोर बांधावयाचा, दोराचें दुसरें टोंक खेळणाऱ्यानें धरावयाचें, आणि पायांस बांधलेल्या फळीवर उभें राहून पाण्यावरून घसरत जावयाचें. १९२२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत, पेपिन सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुणानें दोन फळ्यांवर उभें राहून ही युक्ति साधली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत दोन फळ्यांऐवजीं एकच रुंद फळी आली. नौका पाणी कापीत जाते तेव्हां तिच्या मागें दोन्ही अंगांस लाट उठते. त्या लाटेवर चढून उडी घ्यावयाची, हें या नव्या प्रकाराचें मर्म होय. यास वेकबोर्डिंग असें म्हणतात. आमच्या शेजारचा नाथसागर हें १९८६ पासून पक्ष्यांचें अभयारण्य आहे. रोहित पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागीं हा धुमाकूळ घालण्याचा विचारहि कोणीं करूं नये. कोयनेच्या शिवसागरावर तापोळें येथें नौकाविहार चालतो, जवळच मुनावळें येथें २०२४ सालीं जलक्रीडेचें केंद्र सुरू झालें, आणि कोंकणच्या खाड्या तर आहेतच. या धंद्याच्या जागा त्या होत.

या खेळाच्या नौकेचें एंजिन मागें टांगलेलें नसतें. तें तिच्या पोटांत बसविलेलें असतें, आणि पाणी कापणारा पंखा तळाखालीं, मागच्या कडेपासून आंत असतो. यांत मोठा हेतु आहे. खेळणारा वारंवार पाण्यांत पडतो व नौकेच्या मागच्या बाजूनेंच वर चढतो. पंखा त्याच्या पायांपासून जितका दूर, तितकें बरें. अशा नौकांच्या दोन जाती आहेत. एकींत एंजिन मधोमध असतें. ती पाण्यावर हलकी धांवते व मागें लाट लहान उठवते. दोन फळ्यांच्या खेळास, जेथें वेग पुष्कळ असतो, तेथें हीच उत्तम. दुसरींत एंजिन अगदीं मागें असतें. मागची बाजू जड होऊन पाण्यांत बसते व लाट उंच उठते. एका फळीच्या खेळास वेग ताशीं ३० ते ३८ किलोमीटर पुरतो, पण लाट मोठी हवी. म्हणून ही दुसरी जात घ्यावी. पहिल्या जातीची नौका स्वस्त मिळाल्यास पाण्याच्या पिशव्या भरून तिचें वजन वाढवितां येतें. मात्र एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझें, हा हिशेब विसरूं नये; माणसें आणि पिशव्या मिळून नौकेवरील पाटीवर लिहिलेल्या भारापलीकडे जातां कामा नये.

आतां पारखेकडे वळूं. माझा मुख्य सिद्धांत असा, कीं नौकेचें वय हा दोष नव्हे. तिच्याकडे झालेलें दुर्लक्ष हा दोष होय. बाजारांत बैल घेतांना आमचा शेतकरी प्रथम दांत पाहतो. पण दांत पाहून थांबत नाहीं. तो खूर पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो, आणि शेवटीं औतास जुंपून पाहतो. शिंगांच्या रंगाला व पाठीवरच्या झुलीला तो भुलत नाहीं. नौकेची परीक्षा याच क्रमानें करावी.

नौकेचे दांत म्हणजे तिच्या एंजिनावरील तासांचें घड्याळ. एंजिन किती तास चाललें हें तें सांगतें. परंतु हजार तास चाललेलें व वेळच्या वेळीं तेल बदललेलें एंजिन हें, दोनशे तास चालून दहा वर्षें शेडमध्यें कुजलेल्या एंजिनापेक्षां पुष्कळदां चांगलें निघतें. विहिरीवरचें एंजिन पडून राहिलें कीं गंजतें, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हें निराळें समजाविण्याची गरज नाहीं. म्हणून घड्याळाच्या आंकड्याबरोबर देखभालीची वही मागावी. ज्या धन्यानें वही ठेविली, त्यानें बहुधा नौकाहि सांभाळली असें समजावें.

नौकेचे खूर म्हणजे तिचा तळ. आणि येथेंच जुन्या नौकेचें खरें रहस्य दडलेलें असतें. बाहेरचें अंग फायबरग्लासचें असतें. तें सहसा कुजत नाहीं. पण सुमारें १९९० पूर्वींच्या बहुतेक नौकांत त्या अंगाच्या आंत, तळाच्या लांबीइतक्या, लांकडी तुळया घातलेल्या असत, व एंजिन त्यांवरच बोल्टांनीं जखडलेलें असे. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कांहीं नामांकित कारखान्यांनीं लांकूड वर्ज्य केलें. जुन्या नौकेंत एखाद्या स्क्रूच्या भोंकावाटे पाणी झिरपलें, कीं तुळई आंतल्या आंत कुजते आणि बाहेर कांहींच दिसत नाहीं. लहान लांकडी हातोडीनें तळावर व तुळयांवर ठोकून पाहावें. निरोगी तुळई खणखणीत बोलते, कुजकी बद्द वाजते. मडकें घेतांना आमच्या गृहिणी जें करतात, तेंच हें. टांच दाबून सर्व फरशीवर चालावें. एंजिनाचे बोल्ट पान्यानें किंचित् आवळून पाहावे. बोल्ट न आवळतां नुसता फिरत राहिला, तर खालीं लांकूड उरलें नाहीं असें समजावें. आणखी एक युक्ति आमच्या गांवाला साजेशी आहे. तळांतल्या पोकळींत फेसाचें भरण असतें व तें वर्षानुवर्षें पाणी पितें. नौका गाड्यासह वजनकांट्यावर न्यावी, मग रिकाम्या गाड्याचें वजन वजा करावें. कारखान्यानें सांगितलेल्या वजनापेक्षां ती फारच जड भरली, तर ती पोटांत पाणी घेऊन बसली आहे असा संशय धरावा. ज्या गांवांत लोखंडाच्या गिरण्या व मोंढा आहे, तेथें वजनकांट्यांस काय तोटा?

माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी समुद्रकांठच्या एका शेडींत नौका पाहावयास गेलों, तेव्हां नेमका हाच प्रसंग आला. नौका नव्या रंगानें लखलखत होती; आंत हिरवा गालिचा अंथरलेला होता. मुलांचे डोळे दिपून गेले. मीं एंजिनावर हात ठेवला. तें गरम होतें. "आपण यायचे म्हणून आधींच सुरू करून ठेवलें," असें विकणारा गृहस्थ हंसून म्हणाला. थंड एंजिन सुरू होण्यास कुरकुरतें कीं काय, किती धूर सोडतें, हें आम्हांस दिसूं नये, असा त्यांत हेतु असूं शकतो. मीं मुलास म्हटलें, "बाबा, गालिचा उचल." मागच्या बांकाजवळ त्याची टांच दोन बोटें आंत गेली, आणि एंजिनाच्या चारांपैकीं दोन बोल्ट नुसते गरगर फिरले. आम्ही नमस्कार करून परत फिरलों. पुढें त्या मुलांनीं जी नौका घेतली, तिचा रंग उडालेला होता, बांकांचें कातडें फाटलेलें होतें, घड्याळांत ११०० तास होते. पण पहिल्या धन्याची वही होती आणि तुळया खणखणीत होत्या.

खांदा चाचपणें म्हणजे एंजिन पाहणें. या नौकांत बहुधा अमेरिकन मोटारीच्या धर्तीचें आठ सिलिंडरांचें, सुमारें पावणेसहा लिटर मापाचें पेट्रोल एंजिन असतें. तेलाची काडी ओढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखें दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें आहे. थंड प्रदेशांतून आलेल्या नौकेंत ही शंका विशेष घ्यावी, कारण तेथें हिंवाळ्यांत एंजिनांतील पाणी गोठून फुगतें व लोखंडास भेग पाडतें. गिअरबॉक्सच्या तेलास जळका वास नसावा. आठहि सिलिंडरांचा दाब मापकानें मोजावा. आंकडा किती यापेक्षां आठहि आंकडे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें महत्त्वाचें. दहांत एकाहून अधिक फरक नसावा. बाहेरचें पाणी ओढणारी रबरी पंखी दर मोसमास बदलावी लागते, आणि पाण्यावांचून ती थोडा वेळ जरी फिरली तरी जळते. म्हणून कोरड्या जमिनीवर पाण्याची नळी जोडल्याशिवाय एंजिन कदापि सुरू करूं देऊं नये. धूर आपण ओळखतांच : निळा धूर म्हणजे तेल जळतें, काळा म्हणजे पेट्रोल अधिक जातें, आणि न थांबणारा पांढरा म्हणजे पाणी आंत शिरतें.

चालविणें आणि जुंपणें ही परीक्षा पाण्यावरच व्हावी. एंजिन थंड असतांना सुरू करवावें. तळाखालचा दंड व पंखा सरळ असेल, तर वेगांत नौका थरथरत नाहीं. सुकाणूं दोन्ही बाजूंस सारखें वळावें, आणि वेग कमी करतांच एंजिनानें ताबडतोब आज्ञा पाळावी. २०२४ च्या डिसेंबरांत मुंबईच्या बंदरांत एंजिनाची चांचणी चाललेली एक वेगवान नौका ताब्याबाहेर जाऊन प्रवासी बोटीवर आदळली व अनेकांचे प्राण गेले. तेव्हां अशी चांचणी मोकळ्या पाण्यावर, थोड्या माणसांनिशीं व प्रत्येकाच्या अंगांत तरंगजाकीट घालूनच करावी. शेवटीं जितकीं माणसें रोज बसणार, तितकीं बसवून, मागें दोर लावून, ओढून पाहावें. रिकाम्या गाडीस बैल कोणताहि ओढतो.

दोन अदृश्य शत्रूंची गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळांत साठते व एका ठिणगीनें भडकते. म्हणून सुरू करण्यापूर्वीं चार मिनिटें वाफ काढणारा पंखा चालवावा, आणि स्वस्त म्हणून मोटारीचा स्टार्टर कोणीं बसविलेला असल्यास तो आधीं काढून टाकावा. नौकेचा स्टार्टर ठिणगी बाहेर जाऊं नये असा बांधलेला असतो. दुसरा शत्रु कार्बन मोनॉक्साइड. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. एंजिन चालू असतांना नौकेच्या मागच्या फळीवर मुलांस बसूं वा लोंबकळूं देणें म्हणजे त्यांस मृत्यूच्या तोंडाशीं बसविणें होय.

कायद्याकडेहि पाहावें. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यानें १९१७ चा जुना कायदा मागें सारला. यंत्रानें चालणाऱ्या नौकेस तपासणीचा दाखला, नोंदणी व विमा हीं त्यानें आवश्यक केलीं आहेत. विकणाऱ्याजवळ हीं कागदपत्रें नसतील, आणि परदेशीं नौकेच्या बाबतींत जकातीची पावती नसेल, तर स्वस्ताई शेवटीं महागांत पडते. पैशाचाहि हिशेब आधींच मांडावा. ओढकाम करतांना असलें एंजिन तासास पंधरा-वीस लिटर पेट्रोल सहज पितें. सुटे भाग पुष्कळदां परदेशाहून मागवावे लागतात. म्हणून जवळ चार रुपये असतील, तर तीन रुपयांचीच नौका घ्यावी व चौथा रुपया पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं गांठीस ठेवावा.

श्रोतेहो, २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी वादळानें उलटली आणि सहा माणसें बुडालीं. धरणाचें पाणी शांत दिसतें, पण वाऱ्यास तें क्षणांत वश होतें. ज्या नौकेच्या दोरास आपण दुसऱ्याचें पोर बांधणार, ती नौका घेतांना आपल्या पैशाचा विचार दुय्यम होय. रंग, गालिचा व गोड बोलणें हीं बाजूस सारावीं. हातोडी, पाना आणि वही यांची साक्ष घ्यावी. आणि साक्ष पटली नाहीं, तर रिकाम्या हातानें परत येण्याचें धैर्य असावें. बाजारांतून बैल न घेतां परतलेल्या शेतकऱ्यास कोणी मूर्ख म्हणत नाहीं. दुसरा बाजार आठ दिवसांनीं भरतोच.