न्यायाधीशांचे अध्ययन आणि धाराशिवचे दप्तर

(धाराशिव जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे एका निवृत्त न्यायाधीशांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यायाधीश एकदा आसनावर बसला की त्याचे शिक्षण संपले, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. खुद्द न्यायाधीशांचीही ती कधी कधी असते. माझी होती.

कोकणातून बदली होऊन मी प्रथम मराठवाड्यात आलो, तेव्हा कूळकायदा आपणांस पाठ आहे असा माझा ग्रह होता. एका दाव्यात प्रतिवादी स्वतःस कूळ म्हणवीत होता. त्याने हजर केलेल्या उर्दू नकलेवर १३४८ हे साल होते. मी गोंधळलो. वृद्ध शिरस्तेदार हळूच म्हणाले, "साहेब, हे फसली साल आहे. पाचशे नव्वद मिळवा." म्हणजे १९३८-३९. कागद उलगडला, कायदा मात्र माझ्याकडून चुकला. कुळाचा मुद्दा मी महसुली अधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठविला खरा, परंतु तो मुंबई कायद्याच्या साच्यात घालून: १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी हा इसम कूळ होता काय? वकिलांनी हरकत घेतली. मी ती तांत्रिक समजून बाजूस सारली.

वास्तविक मराठवाड्यास लागू आहे तो १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. त्यातील संरक्षित कुळाची व्याख्याच फसली सनांत मोजलेली आहे. कलम ३४ प्रमाणे फसली १३४२ ते १३५२ या काळात किमान सहा वर्षे जमीन कसणारा हा संरक्षित कुळाचा एक प्रकार होय. आणि अशा कुळास मालकी मिळते ती कलम ३८-ई खाली. म्हणजे १३४८ चा तो कागद हाच दाव्याचा प्राण होता. अपिलात माझा निर्णय रद्द झाला आणि दावा परत आला. तोवर प्रतिवादी मरण पावला होता व त्याचे मुलगे तारखांना उभे राहत होते. मी तो कायदा आधी वाचला असता तर त्याला आपल्या हयातीत उत्तर मिळाले असते.

न्यायाधीशांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाची व्यवस्था आज आहे. विधी आयोगाने १९८६ मध्ये आपला ११७ वा अहवाल याच विषयास वाहिला. १९९१ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रात व राज्यांत अशा संस्था स्थापण्याचा आदेश दिला. भोपाळ येथे राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, ठाणे जिल्ह्यात उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. परंतु ही कल्पना त्याहून जुनी आहे. दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ मध्ये पुणे, सातारा, नगर आणि आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यास लागू झाला. १८८७ पासून न्या. महादेव गोविंद रानडे त्या कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. कनिष्ठ न्यायालयांची कामे तपासीत ते जिल्ह्यांतून फिरत. त्या काळी कनिष्ठ न्यायाधीशांचा उजळणी वर्ग तोच म्हणावयाचा.

अलीकडे तर कायदाच बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम अमलात आले. खुनाचे ३०२ कलम १०३ झाले, एवढे पाठांतराने साधते. खरी अडचण पुढे आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनी दंडसंहिताच लागू राहते. म्हणून पुढील कित्येक वर्षे न्यायाधीशांना दोन्ही संहिता हाताशी ठेवाव्या लागतील. पंचनाम्याच्या वेळी झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता आवश्यक आहे. मोबाइलमधील पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते व त्यात हॅश मूल्य नमूद असते. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. हे कायद्याच्या महाविद्यालयात माझ्या पिढीस कोणी शिकविले नव्हते.

शिक्षकमित्रांनी आता थोडे इकडे लक्ष द्यावे. बालकाच्या वयाचा वाद निघाला, की २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ९४ प्रमाणे प्रथम शाळेचा किंवा मॅट्रिकचा जन्मतारखेचा दाखला पाहावयाचा. तो नसेल तर नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला. आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हा क्रम प्रशिक्षणवर्गात कळतो. पण शाळांच्या जनरल रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख एवढ्या मुलांपुढे का आढळते, हे तेथे कोण सांगणार? जून महिन्यात शाळेत घालावयास आणलेल्या मुलाचे वय गुरुजींनी अंदाजाने धरले, हे गावात राहणाऱ्यास ठाऊक असते. ऊसतोडीस गेलेल्या घरातील मूल कोठे जन्मले व कोणत्या पंचायतीत त्याची नोंद झाली, की मुळीच झाली नाही, हेही तुम्हांसच ठाऊक. एखादी मुलगी अठरा वर्षांखालील होती काय, यावर आरोपीची शिक्षा आणि तिचे संरक्षण ठरते. नोंद कशाच्या आधारे केली, हे मुख्याध्यापकांनी साक्षीत स्पष्ट सांगावे. अंदाज असेल तर अंदाज म्हणावे. साहेबांना आवडेल ते उत्तर देऊ नये.

न्यायाधीश साधारणपणे तीन वर्षांत बदलून जातो. नवा येणारा पुण्याचा असेल, नागपूरचा असेल. त्याला १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, इनाम, मदद-माश हे शब्द नवे असतील. जिल्ह्याच्या दप्तरातील उर्दू व मोडी वाचणारी माणसे आता विरळ झाली आहेत. माझी सूचना लहान आहे. परंड्यापासून उमरग्यापर्यंत अशी जी कोणी मंडळी निवृत्त होऊन घरी बसली असतील, त्यांची यादी महसूल खात्याने करून जिल्हा न्यायाधीशांकडे द्यावी. नव्या न्यायाधीशाने पहिल्या महिन्यात एक शनिवार त्यांच्यासमवेत अभिलेख कक्षात घालवावा. माझ्या त्या शिरस्तेदारांना मी आणखी एक प्रश्न विचारला असता, तर कलम ३४ त्यांनी मला दाखविले असते. पुस्तक त्यांच्याच कपाटात होते.