देवळाच्या अंगणात ‘संगीत सौभद्र’



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला, कळस चढला, की गावात एक प्रश्न हमखास निघतो. उत्सवात कार्यक्रम कोणता ठेवायचा? कीर्तन, भारूड, भजन यांबद्दल दुमत नसते. नाटकाचे नाव निघाले की मात्र काही माना नकारार्थी हलतात. त्यातून ‘संगीत सौभद्र’सारखे प्रेमाचे आणि थट्टामस्करीचे नाटक म्हटले की वडीलधारी मंडळी विचारतात, “देवाच्या दारात हे शोभेल काय?” प्रश्न रास्त आहे. ज्यांनी घामाचा पैसा देवळाला दिला, त्यांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

‘सौभद्र’ची कथा ज्या ग्रंथातून आली, त्या ग्रंथापासूनच सुरुवात करावी. गावोगावी भागवताचा सप्ताह बसतो. परीक्षित राजाला सात दिवसांनी मरण येणार आणि शुकमुनी त्याला भागवत सांगत आहेत, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दशम स्कंधाच्या शहाऐंशीव्या अध्यायात हाच परीक्षित शुकांना विचारतो, की बलराम-कृष्णांची बहीण, जी माझी आजी, तिचे अर्जुनाशी लग्न झाले तरी कसे? मृत्यू उंबरठ्याशी आला असताना राजा आपल्या आजीच्या लग्नाची गोष्ट विचारतो आणि शुकमुनी ती सांगतात. ज्या कथेला भागवतकारांनी अशा घटकेला जागा दिली, ती देवळाच्या अंगणात अशोभनीय कशी ठरेल?

कथा थोडक्यात अशी. बलरामाच्या मनात बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे. घरातल्या इतरांना हे पसंत नाही. अर्जुन तीर्थयात्रेला निघालेला असतो. त्याला हे कळते आणि तो त्रिदंडी संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येतो. भोळा बलराम त्या यतीला ओळखत नाही. स्वतःच त्याला घरी भोजनाला बोलावतो, आदराने वाढतो. तिथेच सुभद्रा आणि अर्जुन यांची दृष्टादृष्ट होते, आणि पुढे अर्जुन तिला रथात घालून घेऊन जातो.

या कथेचे संगीत नाटक केले अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बळवंत पांडुरंग हे त्यांचे नाव. जन्म १८४३ चा, बेळगावकडील गुर्लहोसूर गावचा, जे आज कर्नाटकात आहे. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले होते. अण्णासाहेबांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणले आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला. दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक पुण्यात झाले. पुढच्या वर्षी पाच अंकांचे पूर्ण नाटक रंगभूमीवर आले. १८८५ साली अण्णासाहेब वारले. त्यांना उणीपुरी बेचाळीस वर्षे मिळाली. त्यांच्या ‘सौभद्र’ने एकशेचाळीस ओलांडली आहेत.

हे नाटक पंडितांच्या दिवाणखान्यात अडकून पडले नाही, याचे कारण त्याच्या संगीतात आहे. शंभराहून अधिक पदे आहेत, पण त्यांची घडण लोकांच्या कानाला परिचित अशी. कीर्तनातली साकी, दिंडी, कटाव, लावणीच्या वळणाच्या चाली आणि कानडी मुलखातील चाली, असे सारे त्यात एकत्र नांदते. बेळगाव-विजापूरकडे ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कानडी लोकनाट्यप्रकार प्रसिद्ध आहे. कृष्ण, रुक्मिणी आणि सत्यभामा यांचा रुसवाफुगवा हाच त्याचा विषय. मराठी आणि कानडी शेजारी नांदतात अशा मुलखात अण्णासाहेब वाढले. सोलापूर जिल्ह्यालाही हे शेजारपण नवीन नाही. सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत, विणकर पेठांत तेलुगू बोलली जाते आणि पंढरीची वाट मराठी अभंगांनी दुमदुमते. ‘सौभद्र’ची भाषा अशा कानांना परकी वाटत नाही.

आता मुख्य आक्षेप, प्रेमाचा आणि थट्टेचा. नाटकात कृष्ण आहे आणि सारी सूत्रे त्याच्या हाती आहेत. तो घटोत्कचाकरवी घाट रचतो, वडील भावाला गोड बोलून चकवतो. संन्याशाच्या सेवेला सुभद्रेला ठेवावे असे बलराम म्हणतो, तेव्हा कृष्ण मुद्दाम हरकत घेतो. धाकटा विरोध करतो म्हटल्यावर थोरला अधिकच हट्टाला पेटतो आणि कृष्णाला हवे ते आपल्याच हाताने करून बसतो. प्रत्येक भावकीत असा एक बलराम आणि असा एक कृष्ण असतोच! याच नाटकात रुक्मिणी रुसते आणि कृष्ण तिची मनधरणी करतो. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिच्यामागे देव पंढरीला आले, ही कथा ज्या जिल्ह्यात घरोघर सांगितली जाते, तिथे देवाचा संसार रंगमंचावर दिसला म्हणून देवाचा अवमान होत नाही.

सोलापुरात दर संक्रांतीच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचा विवाहसोहळा होतो. कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्नाची इच्छा धरली. ते योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी आख्यायिका आहे. नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यापाशी संमतीचे वाचन होते आणि मगच हजारो हात अक्षता टाकतात. इथे योगी खरा आणि विवाह प्रतीकाचा. ‘सौभद्र’मध्ये संन्यासी लटका आणि विवाह खरा. पण ‘संमती’ हा शब्द मात्र दोन्हीकडे मोलाचा आहे. ‘सौभद्र’ हसतखेळत जो प्रश्न विचारते, तो याच शब्दाभोवती फिरतो.

महाभारताच्या आदिपर्वात सुभद्राहरण आहे. तिथे कृष्ण अर्जुनाला हरणाचा सल्ला देतो, कारण स्वयंवरात मुलगी कोणाला वरील याचा नेम नाही. म्हणजे तिथे सुभद्रेला कोणी विचारलेले नाही. पण यादव चिडून उठतात, तेव्हा तोच कृष्ण त्यांना विचारतो, की कन्येला जनावरासारखे दान देणे कोणाला मान्य होईल, आणि पोटच्या लेकराची विक्री कोणता माणूस करील? भागवतात सुभद्रेलाही अर्जुन आवडल्याचे सांगितले आहे. अण्णासाहेबांनी त्यापुढे पाऊल टाकले. त्यांनी सुभद्रेला बोलते केले, गाते केले. तिचे मन अर्जुनावर आहे, दुर्योधनाशी ठरलेले लग्न तिला नको आहे, हे ती सख्यांपाशी बोलते आणि प्रेक्षक तिच्या बाजूला होतो. वडील भावाने, घराण्याच्या मोठेपणासाठी, तिला न विचारता ठरवलेले लग्न मोडावे असे साऱ्या मांडवाला वाटू लागते.

हे नाटक आले ते साल ध्यानात घ्यावे. १८८२ सालीच ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात प्रसिद्ध झाले. १८८४ मध्ये रखमाबाईंचा खटला मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला. अजाण वयात लावलेल्या लग्नाचा नवरा तिला नको होता. पुढे १९२९ चा शारदा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले; १९७८ मध्ये ते अठरा झाले. कायदा झाला खरा, पण दहावीच्या परीक्षेआधी मांडव घालणारी घरे अजूनही आढळतात. पाहुणे मोठे आहेत, बागायत आहे, शब्द दिला आहे, अशी कारणे सांगितली जातात. बलरामाची कारणेही अशीच होती. दुर्योधन काही सामान्य स्थळ नव्हते! उणे एकच होते, मुलीचे मन तिथे नव्हते. हे एखाद्या वक्त्याने व्यासपीठावरून सुनावले तर माणसे उठून जातात. ‘सौभद्र’मध्ये तीच माणसे बलरामाला हसतात आणि घरी जाताना त्यांतल्या एखाद्याला तरी आपला स्वतःचा चेहरा आठवतो. देवळाच्या अंगणात याहून चांगले काय घडावे?

राहता राहिला प्रश्न, हे गावाला झेपेल का, हा. जुन्या काळी नाटक रात्रभर चालत असे. पदापदाला ‘वन्समोअर’ मिळत. आज तेवढा वेळ आणि तेवढा दम कोणाकडे नाही. पण जीर्णोद्धार म्हणजे काय, हे या गावाला वेगळे सांगायला नको. गाभाऱ्यातली मूर्ती तशीच ठेवायची, चांगला दगड पुन्हा वापरायचा, खचलेली भिंत उतरवायची आणि सभामंडप आजच्या गर्दीला पुरेल एवढा करायचा. नाटकाचेही तसेच करावे. कथेचा ओघ, कृष्ण-बलरामाचा प्रसंग, रुक्मिणीचा रुसवा आणि सुभद्रेची मुख्य पदे ही मूर्ती आहे, तिला हात लावू नये. लांबण लावणारे प्रवेश कमी करून नाटक तीन तासांत बसवावे. पेटी आणि तबला वाजवणारी माणसे भजनी मंडळात आहेतच. गळ्यांची तालीम मात्र दोन-तीन महिने आधी सुरू करावी, कारण नाट्यपद भजनासारखे समूहात झाकून जात नाही. तिथे गाणारा उघडा पडतो.

सुभद्रेचे काम कोणी करावे? पहिली सुभद्रा होती भाऊराव कोल्हटकर. त्या काळी स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून पुरुष स्त्रीपार्ट करीत. तो काळ गेला. सोलापूरच्याच फय्याज यांनी २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये झरीना उभी केली आणि २०१५ मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. ज्या जिल्ह्याच्या लेकीने एवढी उंची गाठली, तिथे मुलीच्या भूमिकेसाठी मुलगी मिळत नाही असे म्हणणे शोभणार नाही. मुलीच्या मनाची गोष्ट मुलीच्याच मुखातून आली पाहिजे. तिच्या आईवडिलांनी निर्धास्तपणे तालमीला पाठवावे असे वातावरण ठेवणे, ही मात्र साऱ्या गावाची जबाबदारी आहे.

पैशाबद्दल बोलायचे तर नाटकाने सत्कार्याला हातभार लावल्याची मोठी उदाहरणे आहेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या धुरीणांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले. दोन मोठे गायकनट एका कामासाठी आपापला मान बाजूला ठेवू शकतात, तर एका गावातल्या दोन वाड्यांना ते कठीण का जावे? सोलापूर शहरातील नाट्यगृहाला हुतात्मा स्मृती मंदिर असे नाव आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघा हुतात्म्यांची ती स्मृती आहे. नाटकाच्या जागेला ‘मंदिर’ म्हणावे, असे त्या शहराला मनापासून वाटले. मग मंदिराच्या अंगणाला वर्षातून एक रात्र नाटकाची जागा म्हणायला संकोच कशाला?

तेव्हा देणगीदार सज्जनांना एवढीच विनंती, की सभामंडपासमोर पक्का कट्टा बांधून घ्यावा. तो फार उंच नको, पण लांबीरुंदीला पुरेसा असावा. पावसाळ्यात त्यावर शाळेची मुले बसतील, सप्ताहात कीर्तनकार उभे राहतील आणि यात्रेत एके रात्री त्यावर द्वारका उभी राहील. पहिल्या वर्षी एखादे पद सुराला चुकेल, दाढी निसटेल, घटोत्कचाला संवाद आठवणार नाही. गाव हसेल. हसू द्यावे, ‘सौभद्र’ हे हसण्यासाठीच आहे. दुसऱ्या वर्षी पद जागेवर येईल.

ग्रामदैवताच्या कृपेने ही वास्तू चिरकाल टिको, तिच्या अंगणात भजनाबरोबर नाट्यपदांचेही सूर घुमोत आणि गावातल्या प्रत्येक सुभद्रेला तिच्या लग्नाआधी कोणीतरी तिचे मन विचारो, हीच श्रीचरणी प्रार्थना.